पर की पैर

आमच्या घरी पाहुणे आले की अण्णा त्यांना तीन गोष्टी हमखास दाखवायचे. आधी मागच्या खिडकीतून दिसणारी मोती डुंगरी, मग गच्चीवरची कबुतरं, आणि चहाचे कप रिकामे झाले की आईची हिंदी. पहिल्या दोन गोष्टी बघायला जागचं उठावं लागे, तिसरी बसल्या जागी मिळे. आम्ही जयपूरला नवीन होतो तेव्हा शेजारच्या माथुरांच्या पत्नीने आईला विचारलं होतं, तबियत कैसी है? आई बिचारी नुकतीच सामान लावून, जिने चढून-उतरून दमलेली. ती म्हणाली, "मेरे पर बहुत दुखते हैं." पैर म्हणायचं होतं, निघालं पर. हिंदीत पर म्हणजे पीस, पंख. झालं, अण्णांना आयुष्यभराची शिदोरी मिळाली. "हमारी श्रीमतीजी के पर दुखते हैं, भाई. दुखेंगे ही, दिनभर उड़ती जो हैं!" माणसं हसायची. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची आणि कप गोळा करून आत जायची. सगळ्यात मोठ्याने मी हसायचे. का, तर तो विनोद मला कळत होता आणि मला तो कळतो हे सगळ्यांना दिसायला हवं होतं.

अण्णा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. कराडजवळच्या गावातून शिकून वर आलेला माणूस, इंग्रजी अस्खलित, हिंदी तर उत्तर प्रदेशातल्या माणसाने तोंडात बोट घालावं अशी. मला त्यांनी हिंदी शाळेत घातलं आणि दोन वर्षांत माझी जीभ अशी काही वळली की मराठी बोलतानाही "मतलब" आणि "अच्छा" आल्याशिवाय वाक्य पुरं होईना. आईचं मात्र होतं तिथेच राहिलं. ती चार इयत्ता शिकलेली, शेतकऱ्याच्या घरची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन कराडला आली, सव्विसाव्या वर्षी जयपूरला. टिळक नगरात तेव्हा घरं विरळ होती, मधे मोकळी माळरानं, दुपारी नुसता फुफाटा. आमच्या गल्लीत मराठी घर एकही नव्हतं. गावात होती चार-पाच, पण अण्णांचं कुणाशी पटेल तर शपथ. आईला दिवसभरात बोलायला कोण? एक मी, शाळेतून आल्यावर. मला तिच्याशी बोलायचा कंटाळा यायचा, हेही आता लिहूनच टाकते. भाजीवाला, धोबी, दूधवाला आला की ती हाक मारायची, "सुमे, ये गं, काय म्हणतोय बघ." मी पुस्तक आपटून उठायचे आणि दोघांच्या मधे उभी राहून दुभाष्याचं काम करायचे. तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात एवढी सत्ता देऊ नये, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

कबुतरं आणली ती अण्णांनीच. कुणा सहकाऱ्याने त्यांना लक्का जातीचा एक जोडा दिला. लक्का म्हणजे पांढरंशुभ्र, मान मागे टाकून छाती काढून चालणारं, शेपटीचा पंखा मोरासारखा उभारलेलं कबुतर. दिसायला देखणं, पण उडण्याच्या नावाने शून्य. गच्चीच्या या कठड्यावरून त्या कठड्यावर गेलं तरी त्याला धाप लागायची. आई म्हणाली, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं." पण अण्णांना नाद लागला. सुताराकडून त्यांनी गच्चीवर ढाबळ करून घेतली. पुढे जाळी, आत तीन मजले, दर मजल्यावर चार खण, प्रत्येक खणात घरटं करायला मातीचा पसरट कुंडा. तोंड पूर्वेला, म्हणजे थंडीत सकाळचं ऊन आत यावं, आणि मे महिन्यात वाळ्याचा पडदा सोडून त्यावर पाणी मारायचं. कुणाची जोडी कुणाशी लावली, अंडी कधी घातली, पिल्लं किती जगली, याची त्यांची वही असायची. वही अण्णांची. घाण काढणं, कुंडे खरवडणं, ज्वारी-बाजरी-वाटाणा निवडून देणं, विटेची भुकटी आणि चुन्याचा खडा ठेवणं, रविवारी परातीत पाणी घालून त्यांना अंघोळीला बोलावणं हे सगळं आईचं. अण्णा पाहुण्यांना सांगायचे, "मैंने कबूतर पाले हैं." पाळली म्हणे!

आणि मग रमजानी चाचा आले. रामगंजात राहायचे. हयातभर पन्ने, म्हणजे पाचू, घासण्याचं काम केलेला माणूस, त्या धुळीने छाती गेली तेव्हा काम सुटलं. कबुतरं मात्र लहानपणापासूनची. कॉलेजातल्या शिपायाने त्यांचं नाव अण्णांना सांगितलं. आठवड्यातून दोनदा ते सायकल हातात धरून यायचे. चालवायचे नाहीत, दम लागायचा. जिना चढताना तीन वेळा थांबायचे. वर आले की ढाबळीसमोर उकिडवे बसून नुसते बघत राहायचे, हात लावायच्या आधी पाच मिनिटं तरी. पंख्याची पिसं फार वाढली की लक्क्याची जोडी फळत नाही, ती नेमकी कुठून आणि किती कातरायची हे त्यांनी दाखवलं. पिल्लाला आईबाप भरवेनासे झाले की हरभरे स्वतःच्या तोंडात चावून, त्याची चोच ओठांत धरून ते भरवत. आईने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तिने तोंड फिरवलं. महिन्याभरात ती खाली जाऊन मुगाच्या डाळीचं पातळ कढण करून आणू लागली, कापसाच्या वातीने पिल्लांच्या चोचीत थेंब सोडू लागली, आणि चाचा म्हणाले, "ये तो हमें भी नहीं आता."

ते तिला "बाईजी" म्हणायचे. आईला आधी राग आला. आमच्याकडे कामवाली ती बाई. तिने मला विचारायला लावलं, म्हणजे मीच ठसक्यात विचारलं. चाचा कान पकडून म्हणाले, "तौबा, बिटिया. हमारे यहाँ बाई तो बहन-बेटी को कहते हैं." मी ते मराठीत सांगायच्या आधीच आईच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तिला कळलं होतं. मला तेव्हा, कशाला खोटं बोलू, थोडं वाईट वाटलं. माझ्याविना काहीतरी कळलं होतं तिला.

त्यानंतर त्या दोघांचं जमलं ते जमलंच. मी शाळेतून यायचे तर गच्चीवरून बोलणं ऐकू यायचं. आई तिच्या मराठीलाच "है" जोडून ठोकून द्यायची. "चाचा, वो काला डोळावाला दाणा नहीं खाता. रुसके बैठा है." चाचा म्हणायचे, "रूठ गया होगा. मादी ने डाँटा होगा." मग रुसणं आणि रूठना यावर दोघं पुढची दहा मिनिटं घालवत. तिने त्यांना गावाकडचा तिचा बैल सांगितला, आईच्या हातचं पिठलं सांगितलं, एक मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला तेही सांगितलं. ते मला ठाऊक नव्हतं. जिन्यावर बसून ऐकलं तेव्हा कळलं की माझ्याआधी कुणीतरी होतं. चाचांनी कधी तिचा शब्द दुरुस्त केला नाही. अडली की वाट बघायचे, जसे ढाबळीसमोर बसायचे तसेच. त्यांचा चहाचा कप आमच्याकडे वेगळा असायचा, जिन्याच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला. तेव्हा सगळ्यांकडे तसंच होतं, असं म्हणून मी सुटू शकते, पण सुटत नाही. एक दिवस आईने त्यांना घरातल्या कपात चहा दिला आणि सोबत थालीपीठ. ते त्याला "छेदवाली रोटी" म्हणायचे. अण्णांना कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. मी सांगितलं नाही. माझ्या हातून घडलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी ती एक.

परवा नातवाने फोनवर विचारलं, "नानी, आप इतना अकेले कैसे रहते हो?" मी जवाहर नगरातल्या या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं एकटी आहे. त्याला मराठी येत नाही, माझी लेक अडखळत बोलते. मी त्याला म्हटलं, टीव्ही है, पड़ोसी हैं. आई गेल्यापासून ज्याच्याशी पूर्ण मराठी वाक्य बोलावं असं जयपुरात मला कुणी उरलेलं नाही हे काही त्याला सांगितलं नाही. सांगून त्याला काय कळणार, आणि मला तरी तेव्हा काय कळलं होतं?

तर अण्णांच्या डोक्यात एक खूळ आलं. लक्क्याचा पंखा आणि उडणाऱ्या कबुतराची भरारी एकाच पक्ष्यात आणायची. चाचा म्हणाले, "साहब, या तो नाचेगा या उड़ेगा." पण अण्णांना कोण सांगणार? ते आग्र्याला गेले आणि तिथून एक पांढरी मादी घेऊन आले. करंडी स्वतःच्या मांडीवर ठेवून, रात्रभर न झोपता. काय ती मादी! लक्क्यांसारखी नटवी नाही. सडपातळ, लांब पंखांची, डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा, आणि करंडीतून बाहेर काढल्याबरोबर तिने मान वाकडी करून आधी आभाळ बघितलं. आई म्हणाली, "हिचं इथे लक्ष नाही." अण्णांनी तिला एका लक्का नराशेजारच्या खणात ठेवलं, मधे जाळी, म्हणजे आठवडाभर दोघांनी एकमेकांना बघावं आणि मग जोडी लागावी. दुसऱ्याच दिवशी ते परीक्षा घ्यायला जोधपूरला गेले, आठ दिवसांसाठी. जाताना आईला सांगून गेले, "चाचा सांगतील तसं कर. आपलं डोकं चालवू नकोस."

चाचा त्या आठवड्यात एकदाच आले, आणि तेही वर नाही आले. टोंकला त्यांच्या भाचीचा निकाह होता. अख्खं कुटुंब टांग्यात बसून मोटारस्टँडला निघालेलं, वाटेत त्यांनी टांगा आमच्या फाटकाशी थांबवायला लावला. सकाळची नऊची वेळ. आई गच्चीच्या कठड्याशी उभी, चाचा खाली रस्त्यावर, घोडा फुरफुरतोय, मुलं कलकलाट करताहेत. मी वरच खाटेवर पालथी पडून गोष्टींचं मासिक वाचत होते. चाचांनी खालून तोंडाशी हात नेऊन ओरडून सांगितलं, आई वाकून ऐकत होती, "हाँ चाचा, हाँ," म्हणत होती. टांगा गेला. माझं लक्ष नव्हतं. पुढे मला जे कळलं ते असं, की चाचा म्हणाले होते, नई वाली के पर बाँध देना, फिर जाल खोल देना, छत पहचान लेगी. नवीन आणलेल्या कबुतराची ही साधी रीत आहे. पंखाची लांब पिसं दोऱ्याने एकत्र बांधतात, म्हणजे उडता येत नाही. मग जाळी उघडून गच्चीवर चालू देतात. दोन-तीन आठवड्यांत त्याला हे घर आपलं वाटतं, मग दोरा सोडतात. लक्के मुळात उडतच नसल्याने आमच्याकडे ही रीत कधी करावी लागली नव्हती, आणि आईने ती बघितली नव्हती.

आई माझ्या खाटेशी आली. "सुमे, चाचा पर म्हणाले ना गं? पर बांध म्हणाले."

मी मासिकातून मान वर केली नाही. मला फक्त पर ऐकू आलं, आणि पर म्हटलं की आमच्या घरात एकच अर्थ होता. मी अण्णांच्या आवाजात म्हटलं, "पैर गं आई, पैर. पर नव्हे. किती वेळा सांगायचं?"

ती "पैर होय?" म्हणाली. "मला आपलं पर वाटलं. आपल्याकडे पण पिसाला पर म्हणतातच की."

"पैर," मी म्हटलं आणि पान उलटलं.

"बरं बाई. तुला जास्त कळतं," आई म्हणाली.

तिला त्यात काही वावगंही वाटलं नसणार. तिच्या माहेरी बाजारातून नवी कोंबडी आणली की दोन दिवस तिचा पाय सुतळीने खुंटीला बांधून ठेवत, मग ती घर सोडत नसे. द्वाड गुराच्या गळ्यात लोढणं, घोड्याला पायबंद. नव्याला आधी पायाने जखडायचं हे तिने जन्मभर बघितलं होतं, आणि चाचा तर तेच सांगत होते, निदान मी सांगत होते की चाचा तेच सांगत होते. सुतळी रुतेल म्हणून तिने जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडली. मादीला उराशी धरून, तिच्याशी बोलत बोलत, दोन्ही पाय मऊ बांधले, गाठीचं एक टोक लांब ठेवलं, आणि चाचांनी सांगितल्याप्रमाणे जाळी उघडली.

मादी जाळीच्या दारात क्षणभर पोटावर बसली आणि उडाली. सरळ वर. मासिक टाकून मी उभी राहिले. असं उडणं आमच्या गच्चीने कधी बघितलं नव्हतं. तिने घराभोवती दोन मोठे फेरे मारले, मागून हिरवी पट्टी लांब फडकत होती. मग ती कठड्यावर उतरायला आली, तिला पाय मिळाले नाहीत, ती छातीवर आपटली, कोलमडली आणि पुन्हा उडाली. माथुरांच्या गच्चीवर गेली, तिथेही तेच. उडता येत होतं, बसता येत नव्हतं. आई दोन्ही हात वर करून तिला मराठीत बोलवत होती, "ये गं, ये, इकडे ये, बाळ." चार वेळा, पाच वेळा ती उतरायला आली आणि दर वेळी आधीपेक्षा खालून उठली. शेवटी ती समोरच्या कडुनिंबात शिरली आणि पट्टीचं टोक फांदीला अडकलं. ती उलटी लोंबकळू लागली. पंखांची फडफड गल्लीभर ऐकू येत होती.

आई अनवाणी रस्त्यावर धावली. डोक्यावरचा पदर पडलेला. जो दिसेल त्याला ती हात जोडून सांगत होती, "भैया, वो लटक्या है, वो उतारो, वो मर जाएगी." दोन सायकलवाले थांबले, हसले आणि गेले. माथुरांच्या माळ्याने बांबू आणला तो पुरला नाही. मग दुसरा बांबू त्याला बांधला. तोवर कावळे जमले होते. तासाभराने ती खाली आली तेव्हा तिची मान सैल पडली होती आणि डोळ्यांच्या दोन डाळिंबदाण्यांतला एक नव्हता. आईने तिला पदरात घेतलं. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "अगं, त्यांनी पर सांगितलं होतं गं." त्यात दोष नव्हता की काही नव्हतं. तिला आत्ता उमगलं होतं तेवढं ती सांगत होती. मी म्हटलं, "मला काय माहीत? तू विचारलंस, मी सांगितलं." उचलली जीभ लावली टाळ्याला. ही सवय माझी तेव्हापासूनची.

अण्णा आले त्याच दिवशी दुपारी चाचाही टोंकहून परतून आले होते, निकाहाची मिठाई घेऊन. गच्चीवर आम्ही चौघं. अण्णा ओरडले नाहीत. ते ओरडत नसत, हळू आणि स्वच्छ बोलत, ते जास्त लागे. "पाय कुणी बांधले?" आई म्हणाली, "मी." "कुणाच्या सांगण्यावरून?" माझं नाव ती सांगू शकली असती. पण आपलेच दात, आपलेच ओठ. मग अण्णा चाचांकडे वळले. चाचा म्हणाले, "साहब, मैंने तो पर कहा था. पैर कौन बाँधता है?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "सुमन, तू होतीस ना वर? काय म्हणाले हे?"

मला सांगता आलं असतं की माझं लक्ष नव्हतं, चार शब्दांचं काम होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा. आणि आमच्या घरात ज्याची हिंदी चुकते त्याचं काय होतं, हे मी रोज जेवणानंतर बघत होते. मी म्हटलं, "पैर म्हणाले."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. ओरडून खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, ढाबळीसमोर बसायचे तसे.

तेव्हा आई बोलली, आणि हिंदीत बोलली. अण्णांसमोर ती हिंदीत कधी बोलत नसे. "नहीं. चाचा पर बोला. मैं सुनी. मेरे कान से सुनी. गलती मेरी है, उनकी नहीं."

अण्णा हसले. "'मैं सुनी' नव्हे. 'मैंने सुना.' तुला पर आणि पैर यातला फरक कळत असता तर आज जयपूरभर तुझे पर दुखले नसते." मग चाचांना म्हणाले, "बच्ची की हिंदी पर मुझे भरोसा है. आप कल से तकलीफ़ मत कीजिए."

म्हणजे खरं बोलणारी दोन माणसं एकीकडे आणि एक खोटारडी पोरगी दुसरीकडे, आणि माझं खोटं ग्राह्य धरलं गेलं ते व्याकरण शुद्ध होतं म्हणून. मी अण्णांना पुढे पुष्कळ गोष्टींसाठी माफ केलं. म्हातारे झाले, विसराळू झाले, मी त्यांचं सगळं केलं. ही एक गोष्ट मात्र माफ करता आली नाही, कारण तिच्यात त्यांना माफ करायचं तर आधी मला स्वतःला करावं लागतं.

चाचांनी मिठाईचा पुडा कठड्यावर ठेवला. जिन्याच्या तोंडाशी थांबले, दम घेतला आणि आईला म्हणाले, "बाईजी, आपने ठीक सुना था." मग उतरले. जिन्यावर ते तीन वेळा थांबले, ते आम्हाला वरून ऐकू आलं.

त्यानंतर आई हिंदी बोलली नाही. रुसली-बिसली नाही, कुणाशी भांडलीही नाही. बोलेनाशी झाली एवढंच. भाजीवाल्याला बोटाने दाखवायची. माथुरांच्या बाई आल्या की हात जोडून हसायची आणि मला हाक मारायची. अण्णांच्या मैफलीत आता विनोदाला नवा शेवट आला होता, आग्र्याच्या मादीचा. तो सांगताना ते आईकडे बघत, आणि ती पूर्वीसारखी पदर तोंडाला लावायची. हसत होती की नाही, पदरामुळे कळायचं नाही. कबुतरांचं ती करत राहिली, पण मुकाट्याने. पुढल्या उन्हाळ्यात लक्क्यांना कसलासा रोग लागला, माना वाकड्या होऊन एकेक पडू लागला. कुणाला विचारावं? अण्णांनी पुस्तकं काढली. सात गेले. उरलेले त्यांनी वाटून टाकले आणि ढाबळीत जुनी वर्तमानपत्रं ठेवू लागले. कोनाड्यातला उपडा कप आईने कधी हलवला नाही.

चाचा मला एकदाच दिसले. मी कॉलेजात होते, मैत्रिणींबरोबर रामगंजातून रिक्षाने चालले होते. एका दुकानाच्या पायरीवर ते बसलेले, खूप वाळलेले. त्यांनीच ओळखलं. उठून उभे राहिले आणि विचारलं, "बाईजी कैसी हैं? बोलती हैं अब?" मी म्हटलं, "जी, बहुत अच्छी हैं." रिक्षावाल्याला चल म्हटलं. मैत्रिणीने विचारलं, कौन थे? मी म्हटलं, कोई नहीं, पुराने जान-पहचानवाले. परत येऊन त्यांना सगळं सांगायचं, पाया पडायचं, असं मी त्या आठवड्यात रोज ठरवलं. मग परीक्षा आली. मग लग्न ठरलं.

आई गेली तेव्हा शहात्तर वर्षांची होती. अण्णा तिच्या आधी गेले. शेवटचे बावीस दिवस ती हॉस्पिटलात होती आणि मी तिच्या उशाशी, हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत, जन्मभर केलं तेच काम करत. एका सकाळी नवीन नर्स आली, केरळकडची असावी, तिचीच हिंदी तोडकीमोडकी होती. ती माझ्याकडे न बघता आईच्या अंगावर वाकली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अम्मा, आप बोलो. किधर दुखता है?" आई तिच्याकडे बघत राहिली. कुणी विचारून असं थांबलेलं तिला किती वर्षांनी भेटलं होतं, देव जाणे. तिचे ओठ हलले. चाळीस वर्षांनी आईच्या तोंडून हिंदी निघत होती. "मेरे..." ती म्हणाली, "मेरे पर..."

"पैर, आई," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते गेलं तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. कळलं ते आईने तोंड मिटल्यावर. नर्स अजून वाट बघत होती. आईने तिच्या हातातून हात काढून घेतला, चादर नीट केली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते तिचे.

"तूच सांग बाई," ती म्हणाली. "तुला जास्त कळतं."